बैलानं खाल्लेला पंख

तर नागुबाईच्या बैलानं विमानाचा डावा पंख खाल्ला, इथवर काल गोष्ट आली होती. सगळा नव्हता खाल्ला. कळकाच्या कामट्या तेवढ्या शिल्लक ठेवल्या होत्या, आणि टोकाचं हातभर कापड अजून त्याच्या तोंडातून लोंबत होतं. भुजंग शिरूरहून इंजिनाचा प्लग घेऊन अंगणात शिरला, तर बैल निवांत रवंथ करत त्याच्याकडं बघतोय. जेवणावळीतून उठून पान चघळत उभा राहिलेला पाहुणाच जणू.

भुजंगानं कापडाचं टोक धरून ओढलं. बैलानं सोडलं नाही. त्या वर्षी कुठलंच जनावर तोंडातलं सोडत नव्हतं.

काल जे अर्ध्यातून उठून गेले त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगायला हवं. साल ब्याऐंशीचं. लातूरचा जिल्हा व्हायचा होता आणि पाऊस व्हायचा होता. दोन्हींची रोज नवी खबर यायची आणि दोन्ही पुढं ढकलले जायचे. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं हे गाव, गावाखाली तळं, आणि तळ्यात पाणी सोडून सगळं होतं.

भुजंग तरुणपणी नांदेडला एका कापड गिरणीत होता. खातं कुठलं, तर सुताला खळ लावायचं. सूत कांजीतून काढायचं, वाळवायचं, ताठ करायचं. गिरणी मध्ये बंद पडली तसा तो अर्धापूरकडं फवारणीच्या विमानाला औषधाचे डबे उचलून द्यायला लागला. केळीवाल्या एका मालकानं त्या विमानाला हळदकुंकू लावलं आणि पंख्यावर नारळ फोडायला गेला, तेव्हा वैमानिक नारळासकट त्याच्या अंगावर धावला होता. त्या गोंधळात भुजंगानं हळूच विमानाच्या पंखाला टिचकी मारली. हलगीसारखा आवाज आला. पंख पत्र्याचा नव्हताच. कापड होतं, ताणून बसवलेलं आणि वरून कसलीशी खळ दिलेलं. वैमानिकानं आता त्याला शिव्या दिल्या, पण त्या भुजंगाच्या कानात शिरल्याच नाहीत. एवढं काम तर आपल्याला येतं, हे एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं, आणि ते पुढं कधी निघालं नाही.

गावी आला तेव्हा थोरला भाऊ व्यंकटी वारून गेला होता. भुजंगाला निरोप उशिरा मिळाला आणि तो मातीला पोचला नाही. व्यंकटीची बायको नागुबाई हिनं ते कधी सोडलं नाही. घर एकच, मधे भिंत घातलेली. भिंतीच्या अलीकडं भुजंग आणि त्याची बायको सिंधु, पलीकडं नागुबाई आणि तिचा उरलेला एक बैल. बोलणं व्हायचं ते भिंतीशी. नागुबाई भिंतीला शिव्या द्यायची आणि भिंत त्या भुजंगाला पोचवायची.

अशा अंगणात त्यानं विमान करायला घेतलं. भंगारात पडलेल्या मोटारसायकलीचं इंजिन, हातगाडीची चाकं, सांगाड्याला कळक, बसायला मोडक्या पत्र्याच्या खुर्चीचा वरचा भाग. पंखा सागवानी, स्वतः तासलेला. तीन बिघडले, चौथा बसला. पंखांना धोतरं. धोतरांवर जोंधळ्याच्या पिठाची खळ, थरावर थर, वाळली की ढोल. गिरणीत त्या खळीत मोरचूद घालत, म्हणजे उंदीर तोंड लावत नाहीत. भुजंगानं विचार केला की इथं उंदीरच उपाशी मेलेत, मोरचूद कशाला. उंदरांचा विचार केला, बैलाचा केला नाही. चूक ती एवढीच, पण ती पंखभर होती.

ते पीठ त्यानं स्वतःच्या ताटातलं काढलं होतं, रोज एक भाकर कमी खाऊन. गावाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. पाणवठ्यावर बाया सिंधुला विचारायच्या, आज मालकाला जेवायला वाढलं की विमानाला. सिंधुनं थोडे दिवस ऐकलं आणि भोकरला माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली की विमान झालं की तेच घेऊन न्यायला या, एसटीनं आलात तर परत पाठवीन.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं त्या दिवशीचा किस्सा वेगळाच. पंख्याचं तोंड सरपंच शेषेरावांच्या घराकडं होतं हे भुजंगाच्या ध्यानातच आलं नाही. वारा असा सुटला की शेषेरावांच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया उठल्या आणि मारुतीपुढं जाऊन पडल्या. त्याच दुपारी पश्चिमेला जरासं आभाळ आलं होतं, तेही पांगलं. गावानं दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. भुजंगाचा पंखा ढग हाकलतो, हे ठरलं. हाकललेले ढग कुठं जातात यावर पारावर वाद झाला आणि ते बदली घेऊन लातूरला जातात, नवा जिल्हा हिरवा दिसावा म्हणून, असा निकाल लागला. शेषेरावांनी तर माळवदाचा कठडा पुरुषभर उंच करून घेतला, भुजंगाच्या वाऱ्यापासून राखण म्हणून, आणि वर कुणी चढायचं नाही अशी ताकीद दिली. सरपंचाला या दिवाण्यापायी बांधकाम काढावं लागलं, म्हणून लोक आणखी चिडले. त्यांनी भुजंगाविरुद्ध दरखास्त केली. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत सांगितलं की तुमचं गाव आता नव्या जिल्ह्यात. आणि नवा जिल्हा तर अजून व्हायचा होता. दरखास्त शेषेरावांच्या खिशातच राहिली.

त्यात भुजंग तळ्यात भेगा बुजवताना दिसला. विमान पळवायला गावात दुसरी सपाट जागाच नव्हती. धुम्मस घेऊन तो दिवसभर तळाची माती ठोकत होता. पाऊस पडला की तळं भरणार, ही जागा जाणार. आणि खळीवर पाणी पडलं की पंख ओल्या धोतरासारखे लोंबणार. म्हणजे अख्ख्या मुलखात पाऊस थोडा थांबावा असं वाटणारा हा एकच माणूस. ते तो बोलला नव्हता, पण तळं बुजवणाऱ्या माणसाला ते बोलून दाखवावं लागत नाही. न्हाव्यानं त्याची हजामत बंद केली. चाकांतली हवा कोणीतरी सोडू लागलं. त्याच्या सावलीतून जायला नको म्हणून लोक बोळ बदलू लागले.

आणि अशात बैलानं पंख खाल्ला.

पारावर बैठक बसली. भुजंगाचं म्हणणं होतं की पंख मोडला, भरून द्या. नागुबाई पदर खोचून उभी राहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीशी न बोलता त्याच्याशी बोलली.

"माझ्या बैलानं कापड न्हाई खाल्लं. भाकर खाल्ली. तू ती काठीला बांधून वाळत घातली हुतीस."

"वैनी, बैल बांधून ठेवायचा असतो."

"कशानं बांधू? दावं बी खातोय त्यो."

लोक हसले, आणि हसले ते तिच्या बाजूनं. पंचांनी निकाल दिला की बैलाच्या पोटातलं कापड बाहेर येईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. बैलाला काही झालं तर विमान फोडून चुलीत घालायचं. मग काय, गावाचं सगळं ध्यान त्या बैलाच्या शेपटीवर. सकाळी उठून माणसं आधी नागुबाईच्या गोठ्यात डोकावून यायची. धोतर हप्त्याहप्त्यानं निघालं. शेवटी लाल काठ दिसला तेव्हा बैल सुटला, आणि त्याच्याबरोबर भुजंगही. गावाची मात्र निराशा झाली. चूल पेटवायची तयारी करून बसलेली माणसं होती ती.

पाऊस नव्हताच. तेव्हा महादेव कोंडायचं ठरलं. या बाजूला पाऊस फारच लांबला की करतात. प्रत्येक घरानं एक घागर आणून गाभाऱ्यात ओतायची, दाराशी चिखलाचा बांध घालून पाणी अडवायचं, पिंड पार बुडली की देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो. अटी दोन. एकही घर राहता कामा नये, आणि ज्याची घागर त्यानं आपल्या मनानं ओतायची. बौद्धवाड्यात विचारायला एक नवखा गेला होता, त्याला तिथल्या म्हाताऱ्यानं पाणी पाजलं आणि सांगितलं की आम्ही छप्पन सालापासून ह्यातनं मोकळे झालो, आमच्यासाठी देवाला अडवू नका.

बाकीच्या घरांनी घागरी ओतल्या. एक घागर म्हणजे त्या दिवसांत एका घराचं दिवसभराचं पाणी, पण कुणी हात आखडला नाही. पाणी चढत चढत गेलं आणि पिंडीचा बोटभर शेंडा वर राहिला. गुरवानं पुन्हा पुन्हा बघितलं. बोटभरच. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कुणी न सांगता गर्दी भुजंगाच्या दाराकडं वळली.

शेषेराव पुढं होते. एक घागर, म्हणाले, तेवढी आण आणि मोकळा हो.

भुजंग ओट्यावर बसून कामट्या तासत होता. त्यानं ते गंजलेलं इंजिन पाहिलं, उजवा पंख पाहिला, जिथं डावा होता ती जागा पाहिली. एवढी वर्षं घातली होती त्यात. आज घागर ओतली आणि खरंच पाऊस आला, तर हे इथंच कुजणार. नाही ओतली, तर गाव त्याला जगू देणार नाही.

"वततो," तो म्हणाला. "पर उडल्यावर. एकदा उडू द्या. उतरलो की घागर घेऊन सरळ देवळात."

गर्दीनं जे जे म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पावसाची मानगूट धरून बसलाय मुडदा, हे त्यातलं सगळ्यात गोड. दोघातिघांनी तर त्याला घागरीसकट उचलून न्यायचं काढलं. गुरवानं अडवलं. जबरदस्तीचं पाणी देव धरत नाही, उलट सगळ्यांचं वाया जाईल, म्हणाला. शेषेरावांचे दात एकमेकांवर घासलेले लांबपर्यंत ऐकू आले. पण इलाज नव्हता. भुजंग उडाल्याशिवाय पाऊस नाही, असा मामला होऊन बसला.

मग गाव विमानाला लागलं. इतक्या रागानं झालेलं काम त्या गावात पुन्हा झालं नाही. ज्यांनी चाकांतली हवा सोडली होती त्यांनीच ती भरली, भुजंगाच्या नावानं थुंकत. घराघरातून खळीसाठी मूठ मूठ पीठ आलं, आणि प्रत्येक मुठीबरोबर एक शिवी. सुतारानं कामट्या बसवून दिल्या आणि त्या तुझ्या हाडांआधी मोडोत असा आशीर्वाद दिला. एक धोतर कमी पडत होतं. ते भिंतीवरून आलं, फेकलेलं. त्यामागून नागुबाईचं तोंड आलं.

"हे घे. तुझ्या भावाचं हाय. त्याच्या मातीला आला न्हाईस, आता डोक्यावर घेऊन फीर."

भुजंगानं धोतर उलगडून कामट्यांवर लांबीला धरून पाहिलं. तेवढ्यात ती पुन्हा भिंतीवर आली आणि म्हणाली की खळीत मोरचूद घालशील तर याद राख, माझा बैल मरंल. लिंबाचा पाला उकळून घाल, कडू झालं की बैलच काय, तू बी तोंड लावणार न्हाईस. त्यानं तसंच केलं. सगळं अंगण कडूझार वासानं भरून गेलं. बैल एकदा आला, पंख हुंगला, शिंकला आणि निघून गेला.

तोवर पंधरा ऑगस्ट आला. लातूरचा जिल्हा त्या दिवशी होणार हे आता पक्कं झालं होतं. गावातली झाडून सगळी माणसं ट्रक करून लातूरला गेली. शेषेराव फेटा बांधून ड्रायव्हरशेजारी बसले. बायापोरं दुसऱ्या गाडीत. राहिले म्हातारे, आंधळे, भुजंग आणि नागुबाई. तिचा बैल तळ्याच्या कडेला लव्हाळ्याची वाळकी मुळं उकरत होता, त्याला सोडून ती जाणार कुठं.

भुजंगानं पश्चिमेकडं पाहिलं. काळी रेघ होती. या वेळी ती पांगणारी वाटत नव्हती. त्यानं एकट्यानंच विमान ढकलत तळ्यात नेलं, शेपूट दोरानं बाभळीच्या खुंटाला बांधलं आणि पंखा फिरवला. इंजिन पेटलं. आता मेख अशी की तो चढून बसला तर दोर सोडणार कोण, आणि दोर सोडायला उतरला तर बसणार कोण. बसल्या जागेवरून त्यानं हात केला. नागुबाईनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, पुन्हा पाहिलं. मग विळा घेऊन आली.

"मेलास तर माझ्या नावानं न्हाई," ती म्हणाली, आणि दोर कापला.

विमान पळालं. धुम्मस केलेली माती संपायच्या आत चाकांचा खडखडाट एकदम थांबला. भुजंगाला वाटलं चाकं निखळली. खाली पाहिलं तर चाकं होती, जमीन नव्हती. आधी बैल गेला, मग बाभळी, मग तळ्याचा बांध पायाखालून सरकला, आणि समोर गाव उघडं पडलं. त्याच्या अंगणातली ती भिंत एवढीशी दिसली, काडीएवढी. शेषेरावांचं माळवद दिसलं. कठडा दिसला आणि कठड्याच्या आतलंही दिसलं. भुजंगानं डोळे पुसून पाहिलं. मग इंजिन खोकायला लागलं, त्यानं कसंबसं वळवलं आणि बांधाच्या पायथ्याशी वेड्या बाभळीत जाऊन पडला. पंखाला तेवढी भोकं पडली, आणि त्याच्या पाठीतले काटे नागुबाईनं दिवसभर काढले, प्रत्येकाला एक शिवी देत.

संध्याकाळी ट्रक परतले. जिल्हा झाल्याचे पेढे वाटले गेले, भुजंगाला सोडून. तो लंगडत पारावर गेला आणि म्हणाला, उडालो, आता घागर ओततो. कुणाचा भरवसा बसेना. न उडताच ओतली तर त्याचं मन त्यात नाही, म्हणजे घागर वाया. ही नवी शंका शेषेरावांनीच काढली. नागुबाई म्हणाली, उडला, मी दोर कापला. तर म्हणाले, तुला पाऊस पायजे म्हणून बोलतीस.

"उडलास कशावरनं?" शेषेरावांनी विचारलं. "काय दिसलं तुला वरनं, सांग बरं."

"तुमचं माळवद दिसलं," भुजंग म्हणाला. "कठड्याच्या आत कडब्याची गंजी हाय. दोन हायेत. वर ताडपत्री हाय, एका कोपऱ्यानं उडलीय."

पारावरच्या माना माळवदाकडं वळल्या. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या गोठ्यात एक तरी खुंटा चाऱ्यावाचून रिकामा झाला होता. शेषेराव म्हणाले की पोरगा बाभळीत डोक्यावर पडलाय. नागुबाई मात्र उठली, कुणाला न विचारता सरपंचांच्या घरात शिरली आणि शिडी चढली. थोड्या वेळानं वरून कडब्याची पहिली पेंढी रस्त्यावर येऊन पडली. मग दुसरी. तिसऱ्या पेंढीला बैल खाली हजर होता.

भुजंगानं त्याच संध्याकाळी घागर ओतली. बोटभर शेंडा बुडला. पाऊस आला तो पुढच्या आठवड्यात, धो धो. तळं निम्मं भरलं, भुजंगाची ठोकलेली माती त्याच्याखाली गेली. पंखांची खळ धुऊन गेली आणि व्यंकटीचं धोतर कामट्यांवर लोंबत राहिलं. तो एसटीनं भोकरला गेला. सिंधुनं परत पाठवायचं ते पाठवलं नाही, पण वाटभर बोललीही नाही.

गावानं त्याला चांगलं म्हटलं असं समजू नका. मूग गेला, उडीद गेला, पाऊस वेळेवर आला असता तर दोन्ही हाती लागले असते. आणि तो अडवला कुणी? भुजंगानं. कडब्याचं वर्षभरात सगळे विसरले, घागरीचं कुणी विसरलं नाही. शेषेराव पुढच्या निवडणुकीत पुन्हा सरपंच झाले. न्हाव्यानं हजामत सुरू केली, पण वस्तरा धार न लावता. नागुबाई पुन्हा भिंतीशी बोलू लागली.

मग शहाऐंशी साल आलं. तळं पुन्हा कोरडं पडलं, पुन्हा महादेव कोंडायचं ठरलं. या वेळी शेषेराव शहाणे झाले होते. बाकी कुणाच्याही आधी ते भुजंगाच्या दारात आले, चार माणसं घेऊन, चपला बाहेर काढून. भुजंग अंगणात धोतर ताणून त्यावर खळ फिरवत होता, लिंबाचा कडू वास सुटला होता. शेषेराव म्हणाले, भुजंगा, झालं गेलं विसर, यंदा तरी गावाचा विचार कर आणि तुझी घागर सगळ्यांच्या आधी ओत.

भुजंगानं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाला,

"घागर भरून ठेवलीय, शेषेराव. पंख वाळला की उडतो, उतरलो की वततो. तवर बैलं बांधून ठेवा, अन् माळवदावर काय असंल ते नीट झाकून घ्या."